सोळा झाडांचा तांब्या

तीस-पस्तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी पेपरात टाकला: हुकूमशाही आणि लोकशाही यांतील फरक स्पष्ट करा. फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढायची. एका बाजूला ‘सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती’, दुसऱ्या बाजूला ‘सत्ता लोकांच्या हाती’. मुलं पाठ करायची, मी गुण द्यायची, दोघंही मोकळे. मला स्वतःला तो फरक कळला निवृत्तीनंतर, आणि तोही सासूबाईंच्या मोसंबीच्या सोळा झाडांमुळे. आता कुणाला शिकवायचं म्हटलं तर समोर वर्ग नाही, म्हणून लिहून ठेवते.

बहात्तरच्या दुष्काळात मी लग्न होऊन ह्या गावात आले. पाटोद्यापासून गाव काही फार लांब नाही, पण तेव्हा एस.टी. फाट्यावर सोडायची आणि पुढं पायपीट. घरात माणसं तीन. सासरे आधीच गेलेले, नवरा पाटोद्याला तहसिलीत कारकून, आणि सासूबाई. ओढ्याकाठी आमचं थोडं रान होतं, त्यात एक विहीर आणि विहिरीभोवती ही झाडं. सासरे गेल्यावर सासूबाईंनी ती एकटीनं लावली होती, विहिरीचं पाणी हातानं शेंदून जगवली होती. पहिल्याच दिवशी मला रानात नेऊन म्हणाल्या, “ह्या माज्या सोळा सुना. तू सतरावी. ह्या उलटून बोलत न्हाईत, ध्यानात ठिव.” मी खाली मान घालून हसले. मी उलटून बोलणार आहे हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

त्या वर्षी गावातल्या आडाला फक्त चिखल उरला होता. बायका कोसभर लांबच्या खदानीवर जायच्या. पाणी टिकलं होतं ते एका आमच्या विहिरीला. गावाला सरपंच होते, पण शब्द चालायचा तो सोसायटीच्या चेअरमनचा. हे जुने चेअरमन म्हणजे एक नमुनाच होते. कुठलीही गोष्ट ते स्वतः ठरवत नसत. देवळापुढे बैठक बसवायची आणि एकेकाकडे बोट करून विचारायचं, “तुमचं काय म्हणनं हाय?” जो बोलत नाही त्याला दोनदा विचारायचं. खताच्या गोण्या कुठं उतरवायच्या यावर एकदा इतकी चर्चा झाली की गोण्या येईपर्यंत पेरण्या उरकून गेल्या. गाव त्यांची टिंगल करायचं. मीही पुढं पुष्कळ केली.

आमची विहीर गावासाठी मागायची की नाही, मागायची तर कशी, हे ठरायलाच आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत आमची शेजारीण, माझ्याच वयाची, डोक्यावर दोन घागरी घेऊन खदानीच्या उतारावर घसरली. कंबरेचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बसवलं तसं ते बसलं आणि ती जन्माची लंगडी झाली. हे मी मुद्दाम आधीच सांगते आहे. नाहीतर पुढं मी जुन्या चेअरमनचं जे कौतुक करणार आहे, ते ऐकून कुणाला वाटेल की त्यांच्या पद्धतीत सगळं गोडच होतं.

नवव्या दिवशी सकाळी ते घरी आले. एकटेच. ओट्यावर बसले, पटका काढून मांडीवर ठेवला. सासूबाई दारात उभ्या, मी दाराआड पदर ओढून.

“मागायला न्हाई आलो,” ते म्हणाले. “इचारायला आलोय. हिरीचं पाणी गावाला दिऊ शकताल का?”

सासूबाईंनी रानाच्या दिशेला बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, “आन माजी झाडं?”

“त्येच तर इचारायला आलोय. झाडाचं काय करायचं त्ये तुमीच सांगा.”

नाही म्हणायची सासूबाईंची इच्छा नव्हती आणि हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं दाराकडं मान वळवली आणि म्हटलं, “सूनबाई, तुजं काय म्हणनं हाय?”

मी अठरा वर्षांची होते. तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. मॅट्रिकला बसायचं का हे वडिलांनी ठरवलं, लग्न मामांनी ठरवलं, लुगड्याचा रंगसुद्धा मावशीनं ठरवला. माझं म्हणणं काय आहे हे शोधायला मला आधी आत जावं लागलं असं म्हणा. पण बोलले. म्हटलं, बाया पाणी शेंदायला येणारच आहेत. जाताना प्रत्येकीनं एक तांब्या झाडाला घालून जावा.

जुने चेअरमन सासूबाईंकडं बघायला लागले. सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. आणि ते ठरलं.

त्या सकाळींबद्दल किती सांगू! तांबडं फुटायच्या आत ओढ्यातून बांगड्यांचा आणि कळश्यांचा आवाज यायला लागायचा. प्रत्येकीनं आपलं झाड धरलं होतं. कुणी त्याला माहेरचं नाव दिलं, कुणी मेलेल्या लेकराचं. एकीनं दुसरीच्या झाडाला पाणी घातलं म्हणून भांडणं झाली, रुसवे झाले. लंगडी शेजारीण खाटेवर पडून असायची, तिच्या वाटचा तांब्या तिची सासू घालायची आणि घरी जाऊन तिला झाडाचं सांगायची, आज पालवी दिसली, आज दोन पानं गळाली. भरल्या घागरीतून एक तांब्या कमी करताना हात जड व्हायचा हे खरं आहे. तरी कुणी चुकवला नाही. दुपारी त्याच बायका खडीच्या कामावर जायच्या, हाताला फोड यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या घेऊन हजर. पाऊस पडला तेव्हा सोळातलं एकच झाड गेलं होतं. आज मला कुणी विचारलं, तुझ्या आयुष्यातलं काय परत हवं, तर मी नवरा म्हणणार नाही, नोकरी म्हणणार नाही. तो तांब्यांचा आवाज हवा म्हणेन. इतका हवा की कधीकधी सकाळी उठून ओढ्याकडं कान लावून उभी राहते. वेडी म्हातारी म्हणतील, म्हणोत.

मग मी डी.एड. केलं. तेही जुन्या चेअरमननी सासूबाईंना ‘इचारलं’ म्हणून. मला शाळा मिळाली आणि पाठोपाठ देशात आणीबाणी आली. आमच्या घरात तेव्हा दोन पक्ष पडले. नवरा शिस्तीच्या बाजूचा. तहसिलीत साहेब वेळेवर यायला लागले, टेबलावर फाईल थांबेना, याचा त्याला इतका आनंद झाला होता की रोज जेवताना तेच. रेडिओवर बातम्या लागल्या की मान डोलवायचा. म्हणायचा, ह्या देशाला असंच माणूस पाहिजे, एक आवाज, एक हुकूम. मी शाळेत असल्यामुळं मला दुसरी बाजू दिसायची. आम्हा मास्तरांना नसबंदीच्या ऑपरेशनसाठी माणसं आणायला सांगितलं होतं. जीप दिसली की गडीमाणसं ज्वारीत जाऊन बसायची. माझ्या वर्गातल्या मुलीनं मला विचारलं होतं, बाई, माझ्या बापाला तुम्ही धरून नेणार का. मी त्या दिवशी रेघ ओढून फरक शिकवला नाही, सुट्टी दिली.

जुने चेअरमन चहाला आले की नवरा त्यांना चिडवायचा. “अण्णा, दिल्लीवाल्यांनी तुमच्यासारखं एकेकाला इचारत बसावं का?”

ते बशीत चहा ओतत म्हणायचे, “साहेब, हुकमानं काम झटक्यात व्हतं, आमी न्हाई कुठं म्हणतो? पर हुकूम चुकला तर चुकला म्हणायला जाग्यावर कोन ऱ्हातंय?”

नवरा रेडिओचा आवाज वाढवायचा. पण नंतर सरकार बदललं, नवे आले ते आपसात भांडून दोन-तीन वर्षांत घरी गेले, तेव्हा तो आठवडाभर विजयी मुद्रेनं फिरत होता. “विचारा आता एकेकाला!” आणि शेजारीण तर आधीपासून त्याच्याच बाजूची. ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, “तवा एकानं हुकूम सोडला असता ना बाई, तर माजा पाय शाबूत ऱ्हायला असता. आठ दिस इचारीत बसले.” तिच्यापुढं मी कधीच वाद घातला नाही. काय घालणार?

वर्षं गेली. जुने चेअरमन गेले, नवराही गेला. मोसंबीचं झाड काही जन्मभर टिकत नाही. एक जुनं गेलं की सासूबाई त्याच खड्ड्यात नवं लावायच्या. झाडं बदलली, पण सोळाचा आकडा मोडला नाही.

नवे चेअरमन माझे विद्यार्थी. हुकूमशाही-लोकशाहीच्या माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मुद्देसूद लिहून पैकीच्या पैकी गुण घेतलेला हा मुलगा. आता खरं तेच लिहायचं तर माणूस सोन्यासारखा. सोसायटीचं गोदाम त्यानं बांधलं, दूध संकलन सुरू केलं, रस्ता आणला. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळेत जेवणाची सोय केली. दारू पिऊन बैठकीला आलेल्याला कॉलर धरून बाहेर काढलं. एक पैशाचा डाग नाही. आणि कुणाला काही विचारत नसे. सकाळी त्याच्या मनात आलं की संध्याकाळपर्यंत झालेलं असे. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. सोसायटीची निवडणूक दर वेळी बिनविरोध, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! आमच्या गावात भांडणंच नाहीत, असं आम्ही केजच्या पाहुण्यांना सांगायचो. मलाही तो आवडायचा. आपल्या वतीनं कुणीतरी विचार करतो आहे, आपण नुसतं बघायचं, यात फार सुख असतं. सबंध देशाला हे सुख का हवंसं वाटतं ते मला तेव्हा आतून कळलं. रेडिओपुढं मान डोलवणाऱ्या नवऱ्याला मी उगाच हसत होते.

मी निवृत्त झाले त्याच सुमारास पुन्हा मोठा दुष्काळ पडला. सोसायटीची वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात भरली. ऊन रणरणत होतं. अहवाल झाला, मंजुऱ्या झाल्या, शेवटी उरले ‘आयत्या वेळचे विषय’. सभांना जाणाऱ्याला ठाऊक आहे, हा विषय निघाला की माणसं उठायला लागतात, चहाची किटली दिसायला लागते. चेअरमन म्हणाले, “बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. तेवढा ठराव तुमीच लिहा.”

मी फुशारून गेले. पस्तीस वर्षं मुरलेली मास्तरीण, कागद आणि पेन हातात आल्यावर आणखी काय हवं? त्यांनी तोंडी सांगितलं ते मोघम होतं, पाण्याचं काय ते मी बघतो, एवढंच. मी ते नीट केलं. लिहिलं, ‘दुष्काळ संपेपर्यंत गावातील सर्व खाजगी व सार्वजनिक विहिरी, पाणी व त्याचे वाटप यांबाबतचे सर्वाधिकार मा. चेअरमन यांना देण्यात येत आहेत.’ ‘खाजगी’ हा शब्द माझा. वाक्य पुरं वाटेना म्हणून घातला. मी वाचून दाखवलं. कुणाची हरकत? कुणाची नव्हती. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. माझ्या वर केलेल्या हातात पेन होतं. सर्वानुमते मंजूर. दोन मिनिटं लागली असतील. मग चहा आला.

घरी येऊन मी सासूबाईंना हे सांगितलंसुद्धा नाही. लपवलं नाही हो, सांगण्यासारखं काही झालं आहे असंच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या विहिरीवर मोटार बसली. चार दिवसांत गावापर्यंत पाइप, वेशीत टाकी, गल्लीगल्लीत नळ. रानाभोवती तार, फाटकाला कुलूप. घरटी दोन घागरी, वेळ ठरलेली. भांडण नाही, रांग नाही, ओरडा नाही. त्या सबंध दुष्काळात गावातली एकही बाई पाण्यासाठी घसरली नाही. शेजारणीच्या दारापुढंच नळ आला. ती त्या तोटीला हळदकुंकू लावायची. हे सगळं खरं आहे आणि मी ते खोडणार नाही.

सासूबाई ऐंशीला टेकल्या होत्या. फाटकाच्या कुलपाची एक किल्ली आम्हाला दिलेली होती. पण विहिरीच्या तोंडाला लोखंडी जाळी आणि मोटारीला पेटीबंद कुलूप, त्यांच्या किल्ल्या आमच्याकडं नव्हत्या. त्या रोज पहाटे रानात जाऊन विहिरीच्या काठावर बसायच्या. पहिल्या आठवड्यात मला म्हणाल्या, “बाया कावून येईनात गं?”

मी सांगितलं, आता यायची गरज नाही, घरात पाणी येतं.

“मंग झाडाला?”

मला तेव्हा त्या ठरावातला माझा ‘खाजगी’ शब्द आठवला.

मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. चेअरमन उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला. मी म्हटलं, जास्त नाही, झाडागणिक एक तांब्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, आज तुमच्या झाडाला दिलं की उद्या दहा जन येत्याल. कुनाला हो म्हणू, कुनाला न्हाई? सोडा ना. पाऊस पडला की तुमाला सोळा झाडं मी लावून देतो, माजा शब्द हाय.” मग जरा थांबून, अगदी अदबीनं, “आन ठराव तर तुमच्याच हातचा हाय.”

त्यात कुजकेपणा नव्हता. नियम सगळ्यांना सारखा लावणारा माणूस होता तो, स्वतःची डाळिंबं त्यानं सगळ्यांत आधी वाळू दिली होती. मी चहा न पिता परत आले.

सासूबाईंनी मग आपल्या वाट्याच्या पाण्यातून तांब्या काढायला सुरुवात केली. रोज एका झाडाला. सतराव्या दिवशी पहिल्या झाडाची पाळी पुन्हा यायची, तोवर त्यानं पानं टाकलेली असायची. मीही माझा तांब्या दिला. दोन तांब्यांनी काय होणार? मी त्यांना म्हणायची, आत्या, सोडा आता. त्या ऐकायच्या नाहीत. उन्हाळा निम्मा सरायच्या आत झाडं वाळून काटक्या झाली. एकदा शेजारीण तांब्या घेऊन फाटकापर्यंत लंगडत आली. आत आली नाही. तारेतून झाडांकडं बघत म्हणाली, “नळ लई बरा हाय बाई. पर सासू सांगायची ना मला, आज पालवी फुटली म्हणून. कुनी सांगंना आता काही.” आणि पाणी तिथंच तारेच्या बुडाशी ओतून गेली.

पाऊस आला. चेअरमननी शब्द पाळला. ट्रॅक्टर भरून माणसं आली, वाळलेली झाडं मुळासकट काढली, दोरी लावून खड्डे घेतले आणि एका दिवसात मोसंबीची सोळा रोपं एका ओळीत उभी केली. वर ठिबकची नळी. ते स्वतः उभं राहून करून घेत होते. जाताना सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, सुखी राहा म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

ते गेल्यावर आम्ही दोघी बांधावर बसलो. सासूबाई त्या सरळ ओळीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “इचारलं असतं तर म्या लिंबं सांगितली असती. लिंबाला पानी कमी लागतंय. आता माज्याच्यानं न्हाई व्हायचं ह्या पोरींचं.”

मला बरंच वाटलं. तीन-चार महिने माझ्या मनावर जे ओझं होतं ते ठेवायला एक जागा सापडली. मी ताडकन म्हटलं, “बघा ना आत्या. एवढं सगळं केलं, पण एका शब्दानं विचारायला नको होतं का त्यानं?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बहात्तर साली दारात उभ्या राहून बघितलं होतं तसंच.

“त्याला कुनी कवा इचारलं हाय, त्यो कुठून शिकंल?” त्या म्हणाल्या. “तुला तर इचारलं व्हतं.”